वाचकांचे प्रश्न : सर्जन, प्राध्यापक आणि संशोधक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकांविषयी आहेत. काही रुग्णांच्या नातेवाइकांची आहेत, काही निवासी डॉक्टरांची, आणि काही केवळ जिज्ञासेने लिहिलेली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत. एखाद्या विशिष्ट रुग्णाच्या उपचारांबाबत या सदरातून सल्ला देता येत नाही, हे नेहमीप्रमाणे लक्षात घ्यावे.

प्रश्न : माझ्या वडिलांची मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे. ज्या सर्जनांकडे आम्हाला पाठवले आहे ते प्राध्यापक असून त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. ‘इतके लिहिणारा माणूस शस्त्रक्रिया कधी करत असेल?’ असे एक नातेवाईक विचारतात, तर दुसऱ्यांच्या मते याहून चांगला सर्जन मिळणार नाही. आम्ही काय समजावे?

उत्तर : आपले दोन्ही नातेवाईक एकाच आकड्यावरून परस्परविरुद्ध अनुमान काढत आहेत, आणि त्या आकड्यातून दोहोंपैकी एकही अनुमान निघत नाही. शोधनिबंधांच्या संख्येवरून हाताचे कौशल्य कळत नाही. पण लिहिणाऱ्याचा हात कच्चा असतो, असेही नाही.

हाताच्या कौशल्याने किती फरक पडतो, हे मात्र मोजता येते आणि ते मोजले गेले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांनी आपापल्या एकेका शस्त्रक्रियेची चित्रफीत स्वेच्छेने दिली. ती कोणाची आहे हे न सांगता इतर सर्जनांकडून तिला गुण देण्यात आले आणि मग त्या गुणांची तुलना प्रत्येकाच्या रुग्णांना झालेल्या गुंतागुंतीशी करण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौथाई सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के आढळले, तर सर्वाधिक गुण मिळालेल्या चौथाई सर्जनांच्या रुग्णांत ते ५.२ टक्के होते. असा अभ्यास करण्याची कल्पना सुचणे, त्यासाठी सहकाऱ्यांना राजी करणे आणि निघालेला अप्रिय आकडा छापणे, हेच प्राध्यापक-सर्जनाचे संशोधन असते.

म्हणून शोधनिबंध मोजण्याऐवजी आपण त्या डॉक्टरांनाच तीन गोष्टी विचाराव्यात. हीच शस्त्रक्रिया ते आणि त्यांचा चमू वर्षाला साधारण किती वेळा करतो? त्यांच्या स्वतःच्या रुग्णांत आतड्याचा सांधा (कापलेली टोके जोडलेली जागा) गळण्याचे प्रमाण किती आहे? आणि अध्यापन रुग्णालय असल्यामुळे शस्त्रक्रियेचा कोणता भाग कोण करणार आहे? संशोधनाची खरी सवय असलेल्या सर्जनाकडे या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत तयार असतात आणि त्याला त्यांचा राग येत नाही. दोनशे निबंध असूनही स्वतःच्या रुग्णांचे आकडे नसतील, तर ते निबंध कशाविषयीचे आहेत हे पाहायला हवे.

प्रश्न : मी शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. पुढे अध्यापन आणि संशोधन करण्याची इच्छा आहे. वरिष्ठ म्हणतात, ‘आधी हात बसू दे, संशोधन नंतर.’ परदेशात मात्र प्रशिक्षण मध्येच थांबवून दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेत काढतात, असे ऐकते. योग्य क्रम कोणता?

उत्तर : आपल्या वरिष्ठांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. हात बसण्याचे वय निघून जाते हे खरे, पण प्रश्न विचारण्याची सवयही त्याच वयात लागते, आणि ती नंतर लावून घेणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

निवासी डॉक्टरांना टप्प्याटप्प्याने वाढती जबाबदारी देऊन सर्जन घडवण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचे बरेचसे श्रेय बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉलस्टेड यांना दिले जाते. हे रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. रुग्णालयाशेजारीच प्रयोगशाळा असावी आणि होणाऱ्या सर्जनाने दोन्हीकडे काम करावे, हा विचार जर्मन भाषक देशांतील विद्यापीठांतून आला होता आणि हॉलस्टेड तो तिथे पाहूनच परतले होते. प्रयोगशाळेतील वर्षांची प्रथा त्याच परंपरेतली आहे.

ती वर्षे उपयोगी पडतात का, हे माणूस तिथे कोणता प्रश्न घेऊन जातो यावर ठरते. जोसेफ मरे यांचे उदाहरण घ्या. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात यशस्वीपणे बसवले. त्याआधी त्यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर मूत्रपिंड बसवण्याचे तंत्र पुन्हा पुन्हा करून पक्के केले होते. मूत्रपिंड नेमके कुठे बसवायचे, कोणती रक्तवाहिनी कोणत्या वाहिनीला जोडायची, मूत्रवाहिनीचे टोक मूत्राशयात कसे न्यायचे, हे सारे तिथे ठरले. एकसारखे जुळे असल्यामुळे त्या रुग्णाच्या शरीराने मूत्रपिंड नाकारले नाही. जुळे नसलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांना पुरला. किरणोत्सर्गाने प्रतिकारशक्ती दडपण्याच्या प्रयत्नांत बहुतेक रुग्ण दगावले, आणि प्रतिकारशक्ती दडपणारे ॲझाथायोप्रिन हे औषध हाती आल्यावर १९६२ साली नात्यात नसलेल्या मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे रोपण साधले. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९० साली. संशोधक सर्जनाचे आयुष्य असे एकाच प्रश्नावर खर्च होऊ शकते, हे आधीच मनाशी ठरवलेले बरे.

व्यावहारिक बोलायचे तर आपल्याला प्रबंध लिहावाच लागणार आहे. बहुतेक जण तो केवळ नियमापुरता लिहितात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. विषय असा निवडावा की त्याचे उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही आणि मार्गदर्शकांनाही ठाऊक नाही. संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच भेटावे. माहिती गोळा झाल्यावर त्यांच्याकडे जाणे म्हणजे बहुतेक वेळा काय चुकले तेवढे विचारायला जाणे असते. सहायक प्राध्यापकपद मिळाल्यावर बाह्यरुग्ण विभाग, राउंड, थिएटर, आपत्कालीन ड्यूटी आणि विद्यार्थी यांतून आठवड्याचा एक दिवस संशोधनासाठी राखून मिळतो का, हे नेमणूक स्वीकारण्यापूर्वी विचारावे आणि शक्य असल्यास लेखी घ्यावे. राखीव वेळ नसेल, तर संशोधन रात्री होते, आणि रात्रीच्या संशोधनाची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

प्रश्न : शल्यचिकित्सेचा प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. आवश्यक असते का?

उत्तर : नियम देशोदेशी वेगळे आहेत. जर्मन भाषक देशांत डॉक्टरेटनंतर ‘हाबिलिटेशन’ म्हणून आणखी एक मोठे संशोधन सादर करण्याची परंपरा आहे. ब्रिटनमध्ये विद्यापीठीय कारकीर्द करू इच्छिणारे अनेक जण प्रशिक्षणातून काही काळ बाहेर पडून संशोधनाची पदवी घेतात. इतर अनेक ठिकाणी शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवी, ठरावीक वर्षांचे अध्यापन आणि काही प्रकाशने एवढ्यावर सहायक, सहयोगी आणि मग प्राध्यापक अशा पायऱ्या चढता येतात. आपल्याला लागू असणारा नियम संबंधित नियामक संस्थेच्या चालू अधिसूचनेतच पाहावा, कारण तो बदलत असतो.

प्रश्न : औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना खरे औषध आणि काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देतात, हे माहीत आहे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत हे कसे करणार? शस्त्रक्रियेचे नाटक तर करता येणार नाही. मग एक पद्धत दुसरीपेक्षा चांगली, हे प्राध्यापक मंडळी कशाच्या आधारावर सांगतात?

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत मूलभूत प्रश्न असल्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट अशी की शस्त्रक्रियेचे नाटक करता येते आणि ते केले गेले आहे. गुडघ्याची झीज झालेल्यांचा सांधा दुर्बिणीतून धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांची, त्यांच्या संमतीने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाचा सांधा नुसता धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडून साफ केला आणि तिसऱ्या गटाच्या गुडघ्यावर फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले. कोणाला काय केले आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाठपुरावा करूनही वेदना किंवा हालचाल यांत खऱ्या शस्त्रक्रियेचा अधिक फायदा दिसला नाही. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक सर्जन संतापले. ज्या रुग्णांना बरे वाटलेले आपण डोळ्यांनी पाहिले, ते बरे होणे आपल्या हातामुळे नव्हते, हे पचवणे कोणालाही जडच जाते. अशा चाचणीत रुग्णाला विनाकारण इजा होते, हा आक्षेपही खरा आहे आणि म्हणून ती फक्त छोट्या, कमी धोक्याच्या शस्त्रक्रियांबाबत आणि नैतिक समितीच्या मान्यतेनेच करता येते.

दुसरा मार्ग थोडा सौम्य आहे. पित्ताशय काढण्याची दुर्बीण शस्त्रक्रिया जर्मनीतील एरिक म्यूहे यांनी १९८५ साली केली. त्यानंतर काही वर्षांतच ती जगभर पसरली, तीही मोठ्या तुलनात्मक चाचण्यांची वाट न पाहता. सुरुवातीच्या त्या काळात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रकार वाढले, हे आता सर्वमान्य आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे २०० रुग्णांत या शस्त्रक्रियेची तुलना छोट्या छेदाच्या साध्या शस्त्रक्रियेशी करण्यात आली, आणि त्यात एक साधी युक्ती केली गेली : दोन्ही गटांतील रुग्णांच्या पोटावर एकसारख्याच पट्ट्या लावल्या, म्हणजे आत काय झाले आहे हे रुग्णालाही कळू नये आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. रुग्णालयात राहण्याचे दिवस आणि कामावर परतण्याचा काळ यांत फरक आढळला नाही. १९९६ साली हे छापून आले तोवर दुर्बीण शस्त्रक्रिया इतकी रुळली होती की मागे वळणे शक्य नव्हते. माझ्या मते त्या निबंधाचे मोल पित्ताशयापुरते नाही. नवे तंत्र आले की त्याच्यासोबत रुग्णाला लवकर घरी पाठवण्याचा उत्साहही येतो, आणि त्या उत्साहाचा परिणाम तंत्राच्या खात्यावर जमा होतो, हे त्या एकसारख्या पट्ट्यांनी दाखवून दिले.

आता सर्वांत मोठे उदाहरण. ज्या हॉलस्टेड यांचा उल्लेख वर आला, त्यांनीच १८९४ साली स्तनाच्या कर्करोगावरील ५० शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. कर्करोग गाठीपासून काखेतील ग्रंथींकडे आणि तिथून पुढे असा क्रमाक्रमाने पसरतो, तेव्हा स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसंध काढून टाकल्या तर तो मुळापासून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळात स्त्रिया मोठमोठ्या गाठी घेऊन येत आणि जखमेच्या जागी कर्करोग पुन्हा उद्भवणे नित्याचे होते. त्या तुलनेत हॉलस्टेड यांचे निकाल उत्तमच होते. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे जवळजवळ पाऊण शतक हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली. खांदा जखडणे, हाताला कायमची सूज, छातीच्या फासळ्या दिसणे हे सारे अपरिहार्य म्हणून स्त्रियांनी सोसले. हॉलस्टेड लबाड नव्हते, उलट ते अतिशय काटेकोर सर्जन होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे तंत्र घेतले. त्यामागचे अनुमान तपासून पाहायचे मात्र राहून गेले.

ते काम पिट्सबर्ग विद्यापीठातील बर्नार्ड फिशर यांनी केले. पॅथॉलॉजिस्ट असलेल्या आपल्या भावाबरोबर प्राण्यांवर प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आले की लसिका ग्रंथी कर्करोगाच्या पेशींना अडवून धरणारी भिंत नाहीत. पेशी रक्तातून आणि लसिकेतून (ग्रंथींना जोडणाऱ्या वाहिन्यांतील द्रवातून) अशा दोन्ही वाटांनी फिरतात. तसे असेल, तर जास्त कापून जास्त जीव वाचणार नाहीत. हे सिद्ध करायचे तर हजारो स्त्रिया आणि त्यांचे शेकडो सर्जन राजी व्हायला हवे होते, आणि त्यातले पहिले काम दुसऱ्यापेक्षा सोपे होते असे म्हणतात. १९७१ साली सुरू झालेल्या चाचणीत १,६६५ स्त्रिया सहभागी झाल्या. संपूर्ण स्नायूंसह केलेली शस्त्रक्रिया आणि केवळ स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, यांनी जगण्याच्या शक्यतेत फरक पडला नाही. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही नाही. १९७६ साली सुरू झालेल्या पुढच्या चाचणीत केवळ गाठ काढून स्तन राखता येईल का, हे पाहिले. २० वर्षांनंतर जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. मात्र नुसती गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्क्यांना त्याच स्तनात कर्करोग पुन्हा झाला, तर किरणोपचारही दिलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांच्या स्वतंत्र चाचणीतही स्तन राखून तितकेच आयुष्य मिळते, असे दिसले. आज लहान गाठ असलेल्या असंख्य स्त्रियांना स्तन राखण्याचा पर्याय दिला जातो, तो या चाचण्यांमुळे.

येथे एक अडचण सांगायला हवी, कारण ती औषधांच्या चाचणीत येत नाही. गोळी कोणीही दिली तरी ती तीच गोळी असते, पण शस्त्रक्रिया करणाऱ्यागणिक बदलते आणि करता करता सुधारते. नवे तंत्र शिकत असलेल्या सर्जनाची तुलना जुने तंत्र वीस वर्षे करणाऱ्याशी केली, तर नव्यावर अन्याय होतो. उलट, सारे जण तरबेज होईपर्यंत थांबले, तर तोवर प्रत्येकाचे मत बनलेले असते आणि चिठ्ठी टाकायला कोणी तयार होत नाही. या पेचातून मार्ग काढण्यासाठी २००९ साली सर्जन आणि संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांनी ‘आयडियल’ नावाची चौकट मांडली. पहिली कल्पना, तिचा विकास, अनेक केंद्रांवरील अजमावणी, तुलनात्मक मूल्यमापन आणि दीर्घ पाठपुरावा, असे तिचे टप्पे आहेत. पहिल्या रुग्णापासूनच प्रत्येकाची नोंद उघडपणे ठेवायची, हा तिचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

प्रश्न : निवड समित्या उमेदवाराचे शोधनिबंध आणि ‘एच-निर्देशांक’ पाहतात. हा निर्देशांक म्हणजे काय आणि त्यावरून माणसाची योग्यता ठरते का? आमच्या विभागात तर प्रत्येक निबंधावर विभागप्रमुखांचे नाव असतेच.

उत्तर : एखाद्याच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० वेळा इतरांनी आधार म्हणून उद्धृत केले असेल, तर त्याचा एच-निर्देशांक २०. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली तो सुचवला. वयाबरोबर हा आकडा वाढतो, कमी कधीच होत नाही, आणि निबंध चुकीचा म्हणून उद्धृत झाला तरीही त्यात भरच पडते. शिवाय शल्यचिकित्सेतल्या काही शाखाच लहान आहेत. तिथे उद्धृत करणारेच थोडे. तेव्हा दोन वेगळ्या शाखांतील उमेदवारांची तुलना या आकड्यावरून करणे निरर्थक आहे.

विभागप्रमुखांच्या नावाबद्दल : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत. कामाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात व तिचा अर्थ लावण्यात मोलाचा वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. या चारही एकत्र पूर्ण व्हायला हव्यात. विभाग चालवणे ही पाचवी अट नाही. चौथी अट लोक विसरतात. निबंधात खोटेपणा निघाला तर ‘माझे नाव केवळ शिष्टाचार म्हणून होते’ असे म्हणण्याची सोय ती ठेवत नाही.

याउलट एक प्रवाह गेल्या काही वर्षांत जोर धरतो आहे आणि तो मला आशादायक वाटतो. ब्रिटनमध्ये प्रशिक्षणार्थी सर्जनांनीच एकत्र येऊन २१ रुग्णालयांतील ७६० रुग्णांवर एक चाचणी केली. पोटाच्या जखमेच्या कडांना प्लास्टिकचे संरक्षक कडे लावल्याने जखमेतला संसर्ग कमी होतो का, हा प्रश्न होता. उत्तर ‘नाही’ असे निघाले : कडे लावलेल्यांत २४.७ टक्के आणि न लावलेल्यांत २५.४ टक्के. २०१३ साली ते छापले गेले. नकारार्थी निष्कर्ष, एका व्यक्तीचा मोठेपणा नाही, आणि तरीही उपयोगाचे काम. निवड समितीवर बसलो तर अशा चाचणीत एका रुग्णालयाची जबाबदारी निष्ठेने सांभाळणाऱ्या उमेदवाराला, दहा सुट्या ‘दुर्मीळ रुग्ण’ निबंधांच्या लेखकापेक्षा मी अधिक गुण देईन. सध्याच्या गुणतक्त्यांत मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते.

प्रश्न : प्राध्यापकच नवे तंत्र शोधतो, तोच ते रुग्णांवर वापरतो आणि त्याच्या यशाबद्दल तोच लिहितो. त्याच्यावर नजर कोण ठेवतो?

उत्तर : कागदोपत्री नैतिक समिती, चाचणीची पूर्वनोंदणी आणि स्वतंत्र सुरक्षा समिती हे तिघे ठेवतात. पूर्वनोंदणी नसलेल्या चाचण्या छापणार नाही, असे प्रमुख नियतकालिकांनी २००५ पासून ठरवले, त्यामुळे गैरसोयीचा निष्कर्ष दडवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा नजर ठेवतात ते कनिष्ठ सहकारी, आणि त्यांची स्थिती नाजूक असते.

पाओलो मॅकियारिनी या सर्जनांनी स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेशी संबंधित असताना २०११ साली मूलपेशी लावलेली कृत्रिम श्वासनलिका रुग्णात बसवली आणि ती मोठे यश म्हणून गाजली. प्राण्यांवरील पुरेसे प्रयोग त्यामागे नव्हते. तिथे अशी शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. निबंधांत लिहिलेले आणि रुग्णांच्या कागदपत्रांत असलेले जुळत नाही, हे दाखवून दिले ते तिथल्याच चार डॉक्टरांनी, आणि आधी त्यांचेच म्हणणे संस्थेने फेटाळले होते. २०२३ साली स्वीडनमधील अपील न्यायालयाने मॅकियारिनी यांना अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

फिशर यांचीही एक बाजू येथे सांगतो, कारण ती वेगळी आहे. त्यांच्या बहुकेंद्री चाचण्यांत मॉन्ट्रियल येथील एका सर्जनाने रुग्णांच्या नोंदींत फेरफार केले होते. फिशर यांनी स्वतः काहीही खोटे केले नव्हते. परंतु ही माहिती जाहीर होण्यास झालेल्या विलंबावरून १९९४ साली त्यांना या चाचण्या चालवणाऱ्या गटाच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. त्या केंद्राची माहिती वगळून पुन्हा मोजणी केली, तेव्हा निष्कर्ष तेच राहिले, आणि पुढे १९९७ साली विद्यापीठाने त्यांच्याशी तडजोड करून खेद व्यक्त केला. अनेक केंद्रे आणि हजारो रुग्ण असण्याचा हा एक फायदा : एकाचा खोटेपणा सगळे काम बुडवू शकत नाही. मात्र त्याची कबुली लवकर द्यायला हवी.

प्रश्न : मी एका छोट्या रुग्णालयात काम करणारा सर्जन आहे. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, जवळ विद्यापीठ नाही. तरीही अर्थपूर्ण संशोधन शक्य आहे का?

उत्तर : आहे. थिओडोर कोखर यांना १९०९ साली नोबेल मिळाले ते थायरॉइड ग्रंथीवरील कामासाठी, आणि त्यातला निर्णायक भाग कोणत्याही उपकरणाशिवाय झाला होता. बर्न येथे १८७२ पासून प्राध्यापक असलेल्या कोखर यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रियेत इतकी सफाई आणली की त्यांच्या हातून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुढे १ टक्क्याच्याही खाली आले. रुग्ण जगत होते, जखमा भरत होत्या. तिथेच थांबले असते तरी कीर्ती झाली असती. जिनिव्हातील जाक-लुई रेव्हेर्दिन यांनी अशा रुग्णांत नंतर होणारे बदल लक्षात आणून दिल्यावर कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून घेतले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी बहुतेक जण सुजलेले, मंद आणि थकलेले आढळले. मुलांची वाढ खुंटली होती. १८८३ साली त्यांनी हे जाहीर केले, संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले, आणि ग्रंथीचे शरीरातील काम काय, हे वैद्यकाला त्या रुग्णांमुळे कळू लागले. झ्युरिकमध्ये असताना थिओडोर बिलरोथ यांनीही आपल्या विभागातील शस्त्रक्रियांचे निकाल अपयशांसकट छापले होते.

मोठ्या चाचण्यांतही छोट्या रुग्णालयांना आज जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीची (शस्त्रक्रियेच्या वेळी तपासून पाहायच्या बाबींची) चाचणी ज्या आठ रुग्णालयांत झाली, त्यांत टोरांटो, लंडन, सिॲटल यांच्या जोडीला टांझानियातील इफाकारा होते. २००९ साली आलेल्या त्या अहवालात मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी तीच यादी वापरली, तेव्हा मात्र २०१४ च्या अहवालात तसा लक्षणीय फरक आढळला नाही, हेही जोडीने वाचावे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालये होती. पोटाची जखम शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलावीत का, एवढाच प्रश्न; १३,३०१ रुग्ण; आणि संसर्गाचे प्रमाण १८.९ वरून १६.० टक्क्यांवर आले. टाटा मेमोरिअलच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत स्तनातील गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन या जागा बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. ११ केंद्रांतील १,६०० स्त्रिया त्यात सहभागी झाल्या, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ ऐवजी ९०.१ टक्के आढळले. लिग्नोकेन आपल्याही कपाटात आहे. असा प्रश्न सुचणे मात्र अवघड असते, आणि त्यासाठी एखाद्या विद्यापीठीय गटाशी जोडून घेणे उपयोगी ठरते.

तोवर सुरुवात स्वतःच्या रुग्णांपासून करावी. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढून १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतःच मांडले आणि प्रत्येक चूक कशामुळे झाली, तेही लिहिले : ज्ञान कमी पडले, कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला की साधने नव्हती. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक रुग्णाची वर्षभरानंतर पुन्हा विचारपूस होत असे. आपण एखादीच शस्त्रक्रिया निवडावी, समजा हर्नियाची. नोंदवहीत किंवा संगणकावरील साध्या तक्त्यात वय, आजार, शस्त्रक्रियेचा प्रकार, ती कोणी केली, जखमेची स्थिती, तिसाव्या दिवशी फोनवर मिळालेली माहिती आणि एका वर्षाने हर्निया पुन्हा झाला का, एवढेच रकाने ठेवावेत. संसर्ग कशाला म्हणायचे, याची व्याख्या पहिल्या रुग्णापूर्वी लिहून काढावी आणि मध्येच बदलू नये. ओळीने येणारा प्रत्येक रुग्ण नोंदवावा. फोनवर न सापडलेल्यांचा रकाना वेगळा ठेवावा आणि तो निबंधात दाखवावा. ही माहिती पुढे प्रसिद्ध करण्याचा विचार असेल, तर नोंदी सुरू करण्यापूर्वीच जवळच्या मान्यताप्राप्त नैतिक समितीकडे अर्ज करावा, कारण मागाहून मान्यता मिळत नाही.